सूट शंभराची, बचत किती?

मोबाइलवरून जेवण मागवताना बिलाच्या खाली हिरव्या अक्षरांत एक ओळ हमखास झळकते: 'या ऑर्डरवर तुमचे 100 रुपये वाचले.' ओळ खोटी नसते. फक्त कशाच्या मानाने वाचले, हे ती सांगत नाही. ते शंभर रुपये ॲपवर लावलेल्या किमतीतून वजा झालेले असतात. तीच भाजी हॉटेलच्या काउंटरवर कितीला मिळते, तिथून मोजायला सुरुवात केली की हिशेब बऱ्याचदा उलटा फिरतो. ॲपवरच्या जेवणात पैसे वाचवायचे तर कूपन शोधण्याआधी बिल वाचायला शिकावे लागते.

एक बिल, ओळीओळीने

समजा, दोघांसाठी पनीर मसाला, डाळ तडका आणि चार तंदूर रोट्या मागवायच्या आहेत. ॲपवर पनीर 320, डाळ 240 आणि रोटी 40 रुपयांना आहे. एकूण 720. वर '20 टक्के सूट, कमाल 100 रुपये' अशी ऑफर. वीस टक्क्यांनी 144 रुपये सुटायला हवेत, पण मर्यादा शंभराची, म्हणून राहिले 620. त्यात पॅकिंगचे 30 रुपये आले, मग या 650 वर 5 टक्के जीएसटी, म्हणजे साडेबत्तीस रुपये. डिलिव्हरीचे 40 आणि त्यावर 18 टक्के कर धरून 47.20. शेवटी प्लॅटफॉर्म फी 12 रुपये, करासह 14.16. गोळाबेरीज होते 743.86 रुपये. सूट मिळून बिल मूळ 720 च्याही वर गेले.

आता त्याच हॉटेलचे छापील मेन्यूकार्ड उघडा. तिथे पनीर 270, डाळ 200 आणि रोटी 30 रुपयांना असेल, तर बेरीज 590. पार्सलच्या डब्यांचे 20 धरून 610, त्यावर 5 टक्के कर. बिल 640.50. म्हणजे ज्या ऑर्डरवर 'शंभर वाचले' तीच ऑर्डर पार्सलपेक्षा 103 रुपयांनी महाग पडली. हे आकडे नमुन्याचे आहेत, हॉटेलागणिक बदलतील. काही ठिकाणी दोन्हीकडचे दर सारखे असतात, तिथे चांगले कूपन खरोखरच फायद्याचे ठरते. पण सारखे आहेत की नाही, हे एकदा बघितल्याशिवाय कळत नाही. नेहमीच्या चार-पाच हॉटेलांच्या मेन्यूकार्डांचे फोटो फोनमध्ये असले की हे काम अर्ध्या मिनिटाचे होते.

ॲपवरचे दर चढे का असतात, याचे कारण साधे आहे. हॉटेलवाल्याला प्रत्येक ऑर्डरमागे ॲप कंपनीला कमिशन द्यावे लागते. ते करारागणिक वेगळे, पण बहुधा 15 ते 30 टक्क्यांच्या दरम्यान असते. ज्या भाजीचे काउंटरवर 200 रुपये येतात, तिचे 25 टक्के कमिशन कापून हातात 200 च उरायचे असतील, तर ॲपवर किंमत 267 लावावी लागते. शिवाय वरची ऑफर अनेकदा हॉटेलच्याच खिशातून दिलेली असते. हॉटेलवाला ती जमेस धरूनच दर लावतो. आपल्याला मिळालेली सूट काही वेळा आपणच आगाऊ भरलेली असते ती अशी. या कमिशनवरून आणि सवलतींच्या सक्तीवरून हॉटेलमालक आणि ॲप कंपन्या यांच्यात जुनेच वाजले आहे. ऑगस्ट 2019 मध्ये शेकडो हॉटेलांनी 'लॉगआउट'ची मोहीम काढली होती, आणि एप्रिल 2022 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशनच्या तक्रारीवरून झोमॅटो व स्विगी यांच्या चौकशीचा आदेश दिला.

ते दिवस गेले

आठ-दहा वर्षांपूर्वी याच ॲपवर बिर्याणी जवळपास निम्म्या किमतीत घरी यायची, हे अनेकांना आठवत असेल. ती स्वस्ताई गुंतवणूकदारांच्या पैशांवर होती. झोमॅटोची सुरुवात 2008 मध्ये 'फूडीबे' या नावाने, हॉटेलांची मेन्यूकार्डे दाखवणारी वेबसाइट म्हणून झाली. बंगळुरूची स्विगी 2014 ची. पुढे फूडपांडा, उबर ईट्स असे बरेच जण मैदानात उतरले. गिऱ्हाईक आपल्याकडे ओढायला सगळेच सूट उधळत होते. जानेवारी 2020 मध्ये उबर ईट्सचा भारतातला व्यवसाय झोमॅटोने घेतला आणि बाजारात मोठे असे दोघेच उरले. झोमॅटो जुलै 2021 मध्ये शेअर बाजारात आली, स्विगी नोव्हेंबर 2024 मध्ये. भागधारक नफा मागतात. तेव्हा दुसऱ्याच्या पैशाने जेवण्याचे दिवस संपले.

हा बदल सगळ्यात स्पष्ट दिसतो तो प्लॅटफॉर्म फीमध्ये. एप्रिल 2023 मध्ये स्विगीने ती सुरू केली, ऑगस्टमध्ये झोमॅटोने. रक्कम फक्त 2 रुपये. दोन रुपयांवर कोण भांडणार? दोन वर्षांत ही फी 12 ते 15 रुपयांच्या घरात पोचली. तिच्यावर 18 टक्के कर वेगळा. 12 रुपये धरले तरी महिन्याला आठ ऑर्डरी टाकणाऱ्या घराचे वर्षाला सुमारे 1,360 रुपये नुसत्या या एका ओळीवर जातात. ऑर्डर 150 ची असो की 1,500 ची, फी तेवढीच. त्यामुळे एकट्यासाठी छोटी ऑर्डर टाकणाऱ्याला ती सगळ्यात जास्त लागते. एका माणसाच्या इडलीवर पॅकिंग, डिलिव्हरी आणि फी चढली की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी गत होते.

कराचेही एक खाचखळग्याचे प्रकरण आहे. 1 जानेवारी 2022 पासून ॲपवरून मागवलेल्या जेवणावरचा 5 टक्के जीएसटी ॲप कंपनी वसूल करून भरते. हॉटेल जीएसटीत नोंदलेले नसले तरीही. महाराष्ट्रात वर्षाला 20 लाखांच्या आत उलाढाल असलेल्या खाणावळीला नोंदणीची सक्ती नाही. कंपोझिशन योजनेतल्या हॉटेललाही गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही. अशा ठिकाणाहून थेट घेतले तर बिलात जीएसटीची ओळच येत नाही, तेच ॲपवरून घेतले की येते. त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून ॲपमार्फत होणाऱ्या स्थानिक डिलिव्हरीवरही 18 टक्के कर लागू झाला. एकेक रक्कम किरकोळ दिसते, पण मिळून ती छोट्या ऑर्डरीचे गणित बिघडवते.

कूपनची मेख

'60 टक्के सूट' हे अक्षर मोठे असते आणि '120 रुपयांपर्यंत' हे बारीक. खरी मेख बारीक अक्षरात. कमाल सुटीला टक्क्यांनी भागले की त्या कूपनचा पूर्ण फायदा कुठल्या रकमेवर संपतो ते कळते. 120 भागिले 0.60, म्हणजे 200 रुपये. दोनशेच्या ऑर्डरवर 120 सुटतात, हे खरे साठ टक्के. तीनशेच्या ऑर्डरवरही 120 च, म्हणजे चाळीस टक्के. सहाशेच्या ऑर्डरवर उरतात वीस टक्के. म्हणून मोठी टक्केवारी आणि लहान मर्यादा असलेले कूपन एकट्याच्या जेवणाला वापरावे. चौघांच्या जेवणाला टक्केवारी कमी पण मर्यादा मोठी असलेले, किंवा '500 च्या वर 125 कमी' अशा धाटणीचे कूपन जास्त कामाचे.

मग मोठी ऑर्डर दोन फोनवरून फोडून दोनदा कूपन लावले तर? तेही मोजून बघू. 480 रुपयांच्या दोन भाग केलेल्या ऑर्डरवर हे कूपन दोनदा चालले तर 120 रुपये जास्त सुटतात. पण दुसऱ्या ऑर्डरची डिलिव्हरी 47, फी 14 आणि पॅकिंगचे 20-21 रुपये पुन्हा पडतात. कराचा थोडा फरक धरून हातात उरतात चाळीसएक रुपये. पाऊस किंवा गर्दीचा अधिभार लागला तर तेही जातात. एवढ्यासाठी दोन माणसांना दोन फेऱ्या मारायला लावायच्या का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दुसरा सापळा किमान रकमेचा. कार्टमध्ये 180 रुपये झालेत आणि 'आणखी 19 रुपयांचे घ्या, डिलिव्हरी मोफत' असा निरोप येतो. एकोणीस रुपयांचे त्या मेन्यूत काही नसतेच. असते ते 60 रुपयांचे गुलाबजाम किंवा 50 चे थंड पेय. चाळीस वाचवायला साठ खर्च झाले. गुलाबजाम खायचेच होते तर हरकत नाही. नसतील तर डिलिव्हरीचे पैसे देऊन मोकळे व्हावे. थंड पेय, पाण्याची बाटली, दही, पापड या गोष्टी तर ॲपवरून घ्यायच्याच नसतात. कोपऱ्यावरच्या दुकानात त्या छापील किमतीत मिळतात.

हे कळूनही आपण फसतो, कारण वस्तू मिळाल्याचे समाधान वेगळे आणि सौदा जमल्याचे समाधान वेगळे. अर्थशास्त्रातले 2017 चे नोबेल मिळवणारे रिचर्ड थेलर यांनी 1985 मध्येच हा फरक मांडला होता. काट मारलेली जुनी किंमत आणि तिच्या शेजारी नवी किंमत दिसली की दुसरे समाधान आपोआप मिळते, मग भूक असो वा नसो. यावरचा उतारा एकच: सगळे कर, फिया आणि सवलती धरून येणारी शेवटची रक्कम घ्या आणि तिला जेवणाऱ्या माणसांनी भागा. माणशी 370 रुपये पडले, असा आकडा समोर आला की साठ टक्क्यांची जादू उतरते.

सभासदत्वालाही हीच फूटपट्टी लावावी. समजा, तीन महिन्यांचे 150 रुपये भरून डिलिव्हरी मोफत होते आणि एरवी ती 47 ला पडते. चौथ्या ऑर्डरीला पैसे वसूल. पण ऑर्डर ठरावीक रकमेच्या वर लागते आणि हॉटेल ठरावीक अंतरात असावे लागते. मे 2025 पासून झोमॅटोच्या गोल्ड सभासदांनाही पावसाचा अधिभार लागू झाला आहे. आपल्याकडे पावसाचा जोर जून ते सप्टेंबर, म्हणजे ऐन गरजेच्या दिवसांत सवलतीला भोक पडते. शिवाय पैसे भरलेत तर वसूल करू, या नादात महिन्याच्या चार ऑर्डरी सात होतात. ज्यांच्या घरी आधीपासूनच आठवड्याला दोन-तीन ऑर्डरी येतात त्यांनी ते घ्यावे, आणि आपोआप नूतनीकरणाची खूण घेतल्याच दिवशी काढून टाकावी.

स्वस्तातले पर्याय

डिलिव्हरी महाग का पडते, याचे उत्तर मुंबईच्या डबेवाल्यांकडे बघितले की समजते. 1890 पासून चाललेल्या या व्यवस्थेत एक माणूस लाकडी पाटीत डझनावारी डबे घेऊन लोकलने जातो. वेळ ठरलेली, रस्ता ठरलेला, गिऱ्हाईक महिन्याचे. त्यामुळे एका डब्यामागचा खर्च थोडा येतो. ॲपवर एका पिशवीसाठी एक दुचाकी, एक फेरी आणि तीही 'आत्ता'. जिथे ही घाई सोडता येते किंवा फेरी वाटून घेता येते तिथे दर उतरतो. स्विगीने 2025 च्या मध्यात 99 रुपयांपर्यंतच्या जेवणाचे दालन काढले, ते सावकाश पोचवण्याच्या पर्यायावर उभे आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिने स्वस्त जेवणासाठी 'टोइंग' नावाचे वेगळे ॲप आणले, आणि त्याची सुरुवात पुण्यातून केली. विद्यार्थी आणि नव्या नोकरीतली मुले डोळ्यांसमोर ठेवूनच. एका इमारतीतल्या किंवा ऑफिसातल्या चार-पाच जणांनी एकाच हॉटेलातून एकत्र मागवले तरी हाच फायदा मिळतो. डिलिव्हरी आणि फी एकदाच पडते आणि मोठ्या मर्यादेचे कूपन कामी येते.

झोमॅटोने नोव्हेंबर 2024 मध्ये 'फूड रेस्क्यू' सुरू केले. कुणीतरी रद्द केलेली ऑर्डर घेऊन डिलिव्हरीवाला जवळपास असेल, तर आसपासच्या गिऱ्हाइकांना ती काही मिनिटांपुरती कमी दरात दिसते. महिन्याला सुमारे चार लाख ऑर्डरी रद्द होतात, असे कंपनीने तेव्हा सांगितले होते. पण हा नशिबाचा खेळ. त्याच्या भरवशावर रात्रीचे जेवण ठरवता येत नाही.

सरकारच्या पुढाकाराने उभे राहिलेले ओएनडीसी हे खुले जाळेही आहे. त्यात मागवण्याचे ॲप एक आणि विक्रेत्याचे दुसरे असू शकते, कमिशन कमी असते. 2023 मध्ये तिथले दर आणि मोठ्या ॲपचे दर शेजारी ठेवलेली चित्रे समाजमाध्यमांवर खूप फिरली. त्या फरकातला मोठा वाटा प्रोत्साहनपर अनुदानाचा होता. अनुदान आटले तसा फरकही आटला. तरी एखादे नेहमीचे हॉटेल तिथे असेल तर दोन्हीकडची शेवटची रक्कम ताडून बघायला काहीच जात नाही.

सगळ्यात हमखास बचत मात्र ॲपच्या बाहेर आहे. घरापासून चालत दहा मिनिटांवरच्या हॉटेलला फोन करून ऑर्डर सांगायची आणि येता-जाता पार्सल उचलायचे. वरच्या उदाहरणातले 103 रुपये एवढ्यानेच वाचतात. जिल्ह्याच्या गावांत आणि शहरांतल्या जुन्या वस्त्यांतही अनेक हॉटेलांचा स्वतःचा पोऱ्या असतो. ठरावीक रकमेच्या वर तो दीड-दोन किलोमीटरच्या आत फुकट आणून देतो. त्यांचा नंबर पार्सलच्या पिशवीवरच छापलेला असतो. ॲपवरून आलेल्या पिशवीवरही कित्येकदा तो असतो. मालकाला कमिशन द्यावे लागत नाही, म्हणून नेहमीच्या गिऱ्हाइकाला जास्तीचा रस्सा किंवा कांदा-लिंबू तो हसत देतो.

मराठी शहरांत आणखी एक सोय आहे आणि ती डिलिव्हरी ॲपच्या कितीतरी आधीची: पोळी-भाजी केंद्र. दादर, डोंबिवली, ठाणे, पुण्यातल्या पेठा आणि कोथरूड, कुठेही संध्याकाळी सातला बघा. काउंटरवर ॲल्युमिनियमच्या पिंपातून आमटी पिशवीत ओतली जातेय. पिशवीच्या तोंडाला रबरबँडचे तीन वेढे. फळ्यावर खडूने आजच्या दोन भाज्या लिहिलेल्या. शेजारी पोळ्या मोजून कागदात गुंडाळणे चाललेय. इथे भाव नगावर आणि वजनावर असतो. सूट नसते, अधिभारही नसतो. रोज मागवणाऱ्या माणसाने खरी तुलना करायची ती या फळ्यावरच्या भावाशी.

ॲपवरूनच मागवायचे असेल तर अर्धे जेवण घरी करावे. हॉटेलच्या बिलात रोट्या आणि भात यांचा वाटा मोठा असतो, आणि घरी करायला सगळ्यात सोप्या त्याच गोष्टी. कुकरला भात लावा, पोळ्या केंद्रातून आणा, मागवा फक्त भाजी. वरच्या उदाहरणात रोट्यांचे 160 रुपये कमी झाले की उरतात 560. ही रक्कम ऑफरच्या पाचशेच्या टप्प्याच्या (100 भागिले 0.20) वरच आहे, म्हणून शंभराची सूट पूर्ण मिळते. वर पनीर-डाळ दोघांच्या जेवणानंतरही उरली तर दुसऱ्या दिवसाच्या डब्याची सोय.

बिलावर नजर आणि हक्क

पैसे भरण्याआधी कार्ट एकदा वरपासून खालपर्यंत सरकवून बघावी. न मागितलेला विमा, देणगी किंवा सभासदत्व त्यात आधीच टाकलेले असले तर काढून टाकावे. अशा क्लृप्त्यांना आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी मार्गदर्शक सूचना जारी केल्या. त्यांत 13 प्रकार निषिद्ध ठरवले आहेत. गिऱ्हाइकाला न विचारता टोपलीत वस्तू सरकवणे, पैसे भरण्याच्या टप्प्यावर लपलेले आकार पुढे आणणे, 'आता दोनच मिनिटे उरली' अशी खोटी घाई लावणे, हे सगळे त्यात येते. ॲपकडून दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

पदार्थ कमी आला, सांडला किंवा चुकीचा आला तर डबा उघडतानाच फोटो काढून लगेच ॲपमधल्याच मदत कक्षात तक्रार करावी. भरपाई कूपनच्या रूपात देऊ केली तर मूळ खात्यात पैसे मागावेत, कारण कूपन म्हणजे पुढच्या ऑर्डरीचे आमंत्रण. मदत क्रमांक इंटरनेटवर शोधू नये. बनावट क्रमांक टाकून परताव्याच्या नावाखाली यूपीआय पिन काढून घेणारे टपलेलेच असतात. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही.

बक्षिसी मात्र कंजुषीची जागा नव्हे. बिलातल्या सगळ्या ओळींत उन्हापावसात आलेल्या माणसाला उद्देशून असलेली तेवढीच एक आहे.

घरपोच जेवण फुकट पडावे, ही अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. कुणीतरी गाडी काढून, पेट्रोल जाळून, तिसरा मजला चढून आपल्या दारात ताट आणतो, त्याचे पैसे पडणारच. प्रश्न एवढाच की कोणत्या दिवशी त्या सेवेला तेवढे मोल आहे. घरात तान्हे बाळ आहे, कुणी तापाने पडलेय, बाहेर धो धो कोसळतेय, अशा वेळी शंभर रुपये जास्त गेले म्हणून हळहळू नये. पण साध्या मंगळवारी, खालच्या चौकात हॉटेल उघडे असताना तेच शंभर रुपये निव्वळ आळसाचे असतात. ॲपमधल्या जुन्या ऑर्डरींची यादी उघडून गेल्या महिन्याच्या रकमांची बेरीज करा आणि या दोन प्रकारच्या ऑर्डरी वेगळ्या काढा. दुसऱ्या प्रकारच्या निम्म्या जरी टाळल्या तरी जे वाचेल, ते कुठल्याही कूपनने वाचत नाही.